मिसळण्याची भूमिती



मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीच्या आठवड्यात बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत आणि पलीकडे कलबुर्गीच्या आळंद भागात घरोघर एक काम चालते. पेरणीसाठी राखून ठेवलेल्या तूर, सोयाबीन, मूग, उडीद यांच्या बियाण्यास औषध चोळण्याचे ते काम होय. ओसरीवर तरट अंथरावे, त्यावर बी ओतावे, वरून भुकटी शिंपडावी, चार हात फिरवावेत आणि पोते भरून बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर ठेवावे, अशी सर्वसाधारण रीत. काम पाऊण तासात आटोपते आणि वर्षभर त्याची आठवणही राहत नाही. परंतु या पाऊण तासात जे घडते त्यामागे एक मोठे रोचक शास्त्र आहे. त्याचा विचार गणितज्ञांनी केला, यंत्रज्ञांनी केला आणि एका जर्मन शिल्पकाराने तर त्यापायी आयुष्याचा मोठा काळ घालविला. आज त्या शास्त्राचा आणि आपल्या ओसरीवरील तरटाचा संबंध पाहावयाचा आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. तुरीच्या शंभर दाण्यांचे वजन सुमारे १० ग्रॅम धरले, तर एका किलोत दहा हजार दाणे येतात. ट्रायकोडर्मासारख्या उपकारक बुरशीची भुकटी किलोला ४ ग्रॅम लावावयाची असली, तर एका दाण्याच्या वाट्याला ग्रॅमचा अडीच हजारावा भाग येतो. वीस किलो बियाण्यात दोन लाख दाणे असतात आणि भुकटी असते अवघी ८० ग्रॅम, म्हणजे दोन मुठी. या दोन मुठी दोन लाख दाण्यांत सारख्या वाटून द्यावयाच्या आहेत. ही वाटणी न्यायाने झाली नाही, तर काही दाणे भुकटीने माखतात आणि काही कोरेच राहतात. पोत्याकडे पाहून मात्र हा अन्याय दिसत नाही. पोते एकजात पांढुरके दिसते आणि आपले समाधान होते.

या चुकीचा दंड मागाहून भरावा लागतो. तुरीवरील मर हा रोग जमिनीत राहणाऱ्या एका बुरशीमुळे होतो. ही बुरशी मुळातून झाडात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. झाड पुष्कळदा फुलावर किंवा शेंगांवर आल्यावर सुकू लागते. जूनमध्ये कोरा राहिलेला दाणा अशा रीतीने दिवाळीच्या सुमारास आपले खाते दाखवितो. तोवर औषधाचे पाकीट फेकलेले असते, आणि मग ‘औषध खोटे निघाले’ एवढाच निष्कर्ष उरतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मर रोगाविरुद्ध पहिली तटबंदी प्रतिकारक वाणाची. कर्नाटकात १९८६ साली प्रसारित झालेल्या ‘मारुती’ या वाणाने या पट्ट्यातील तूर सावरली, हे जुन्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. दुसरी तटबंदी पिकाच्या फेरपालटाची. बीजप्रक्रिया ही तिसरी. पण तीच सर्वांत स्वस्त आणि तीच सर्वांत निष्काळजीपणे बांधली जाणारी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मिसळणे म्हणजे काय? ढवळले की मिसळले, फिरविले की मिसळले, अशी आपली समजूत असते. परंतु फिरविणे आणि मिसळणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या स्वयंपाकघरातील सूप पाहा. सुपाला विशिष्ट झटका देऊन गृहिणी धान्य पाखडते, तेव्हा फोलकट पुढे जाते आणि दाणा मागे राहतो. तांदूळ घोळताना खडे एका बाजूस येतात. सुपातील धान्य सतत हलत असते, तरीही मिसळण्याऐवजी ते निवडले जाते. हालचालीला एक ठरलेली लय असली, की लहान-मोठे, हलके-जड कण आपापल्या वाटा धरतात आणि वेगळे होतात. गवंडीही हे जाणतो. वाळूच्या ढिगाच्या शिखरावर घमेले ओतले, की जाड खडे घरंगळत पायथ्याशी जातात आणि बारीक वाळू मध्यभागी राहते. म्हणून तो ढीग एका जागेवरून दुसऱ्या जागी दोन-तीन वेळा परततो.

जपानमधील योशितोशी ओयामा या संशोधकाने १९३९ साली याच प्रकारचे एक चमत्कारिक निरीक्षण नोंदविले. आडव्या, लांबट पिंपात जाड आणि बारीक कण एकत्र भरून ते पिंप आपल्या आसाभोवती सावकाश फिरविले, तर काही वेळाने त्यांचे वेगवेगळे पट्टे पडतात. एक पट्टा जाड कणांचा, एक बारीक कणांचा, पुन्हा एक जाड कणांचा. मिसळण्यासाठी फिरविलेले पिंप कणांना वेगळे करीत बसते! पिंप अधिक वेळ फिरविल्याने हा दोष जाईलच असे नाही.

याचे कारण भूमितीत आहे. सरळ आसावर फिरणाऱ्या पिंपात डाव्या टोकाचा दाणा वर जातो, खाली घसरतो, पुन्हा वर जातो. पण राहतो डाव्या टोकालाच. घाण्याला जुंपलेल्या बैलाप्रमाणे तो दिवसभर चालतो आणि आपल्या वर्तुळाबाहेर पडत नाही. उजव्या टोकास टाकलेली भुकटी त्याच्यापर्यंत पोहोचली, तर ती फार सावकाश पोहोचते. शक्ती पुष्कळ खर्च झाली, फेऱ्या पुष्कळ झाल्या. पण दाण्याची वाट बदलली नाही.

वाट बदलण्याची युक्ती आपल्या आजीला ठाऊक होती. घुसळखांबाला लावलेली रवी दोरीने एकदा इकडे व एकदा तिकडे फिरते. ती एकाच दिशेने फिरत राहिली असती, तर सारे ताक डेऱ्यात गोल गोल फिरले असते आणि त्याचे थर एकमेकांत फारसे शिरले नसते. दिशा उलटली, की जमलेला भोवरा मोडतो आणि थर एकमेकांवर आदळतात. कणीक मळतानाही हेच घडते. गोळा दाबून पसरावयाचा, दुमडावयाचा, पुन्हा पसरावयाचा. एका घडीने दोन थर होतात, दहा घड्यांनी १,०२४ आणि वीस घड्यांनी दहा लाखांवर. हात पुष्कळ चालविण्यापेक्षा ताणणे आणि दुमडणे यांची ही जोडी कितीतरी अधिक काम करते. हसन अरेफ या शास्त्रज्ञाने १९८४ साली गणिताने दाखवून दिले की, प्रवाह अगदी साधा व संथ असला, तरी त्याचे केंद्र आलटून पालटून बदलत राहिले, तर त्यातील कणांच्या वाटा इतक्या गुंतागुंतीच्या होतात की मिश्रण आपोआप उत्तम होते. खळबळ माजविण्याची आवश्यकता नाही. वाट मोडली की पुरे.

ही गोष्ट यंत्रात उतरविण्याचा मान पाउल शात्स या गृहस्थाकडे जातो. १८९८ साली जर्मनीतील कॉन्स्टान्स येथे जन्मलेला हा मनुष्य गणित आणि यंत्रशास्त्र शिकता शिकता शिल्पकार बनला आणि पुढे स्वित्झर्लंडमधील डोर्नाख या गावी स्थायिक झाला. १९२९ साली त्याने एका लाकडी घनाचा अभ्यास करता करता एक नवी गोष्ट शोधून काढली. घनाचे समोरासमोरचे दोन कोपरे विशिष्ट रीतीने कापून बाजूस काढले, तर मध्ये सहा तुकड्यांची एक माळ उरते. हे तुकडे एकमेकांस बिजागऱ्यांनी जोडले, तर ती माळ न तुटता, न अडकता सतत उलटत राहते. हातातला मोजा आपण उलटा करतो तशी तिची आतली बाजू बाहेर येते, बाहेरची आत जाते, आणि हे चक्र कितीही वेळ चालू ठेवता येते. यंत्रशास्त्रास तोपर्यंत मुख्यत्वे दोन गती ओळखीच्या होत्या: चाकाची फिरण्याची आणि दट्ट्याची सरकण्याची. शात्सने त्यांच्या जोडीस उलटण्याची ही तिसरी गती आणून बसविली.

याच अभ्यासातून एक नवा आकार निघाला. त्यास ओलॉइड म्हणतात. तो घरी करून पाहता येतो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या, ८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापा. प्रत्येकीला कडेपासून केंद्राच्या दिशेने २ सेंटिमीटरांची चीर द्या आणि चिरांतून चकत्या एकमेकींत काटकोनात बसवा. आता एकीचे केंद्र दुसरीच्या कडेवर येते. या दोन चकत्यांवर ताणून कापड चढविले, तर जो आकार होईल तो ओलॉइड. कागदाचा हा सांगाडा उतरत्या पाटावर सोडा. तो चाकासारखा सरळ जात नाही आणि अडखळतही नाही. डावीकडे झुकतो, उजवीकडे झुकतो आणि डुलत डुलत खाली येतो. भरीव ओलॉइड असा लोळताना त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक भाग क्रमाने जमिनीस टेकतो. आणखी नवल असे की, त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ तेवढ्याच त्रिज्येच्या चेंडूच्या क्षेत्रफळाएवढेच भरते.

शात्सच्या गतीवर आधारलेले पावडरी मिसळण्याचे यंत्र स्वित्झर्लंडच्या बाखोफेन या कारखान्याने ‘टर्ब्युला’ या नावाने बाजारात आणले. त्यात दोन दांड्यांच्या टोकांस असलेल्या कड्यांमध्ये डबा अडकविलेला असतो. दांड्या फिरू लागल्या, की डबा फिरतो, सरकतो आणि उलटतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. आतील कणाला एका वर्तुळात रमण्यास अवसरच मिळत नाही. शिवाय डब्याच्या आत एकही पाते नसते. त्यामुळे कण चिरडत नाहीत, तापत नाहीत आणि तरीही एकजीव मिसळतात. औषधांचे कारखाने आणि धातूंच्या पावडरींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा ही यंत्रे वापरतात.

पाते नसणे हा गुण आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. सोयाबीन हे आता बीदर जिल्ह्याचे एक प्रमुख खरीप पीक झाले आहे. त्याच्या दाण्याची साल अतिशय पातळ असते. जोराने चोळले किंवा पात्यांनी ढवळले, की ती तडकते आणि उगवण घटते. त्यास लावावयाचे रायझोबियम हे तर जिवंत जीवाणू. उष्णता आणि ऊन त्यांना सोसत नाही. म्हणजे आपल्यास हवे आहे ते मिश्रण हळुवार, थंड आणि पूर्ण असे हवे. टर्ब्युला नेमके तेच करते. परंतु त्याचे प्रयोगशाळेतील सामान्य यंत्र दोन लिटरांचा डबा घेते, आणि आपल्यापुढे पोती असतात. तेवढ्या कामासाठी असले महागडे यंत्र शेतकऱ्याने आणावे, असे कोणीही सांगणार नाही.

सुदैवाने त्या भूमितीचा मोठा अंश लोहाराच्या भात्यापाशीही मिळू शकतो. हाताने फिरविण्याचे बीजप्रक्रियेचे पिंप आपल्या देशात पुष्कळ दिवसांपासून माहीत आहे. त्याची सारी खुबी त्याच्या आसात आहे. पिंपाच्या मधोमध सरळ नळी घालण्याऐवजी ती तिरकी घालतात. वरच्या झाकणाच्या एका कडेजवळून शिरते आणि बुडाच्या समोरच्या कडेजवळून बाहेर पडते. दोन घोड्यांवर ही नळी ठेवावी, एका टोकास हात बसवावा आणि पिंपाच्या अंगास घट्ट बसणारे दार करावे. आता पिंप फिरू लागले, की त्याचे एक टोक वर उचलले जाते व दुसरे खाली जाते. अर्ध्या फेरीनंतर उलट. आतील बी घसरते आणि त्याबरोबर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते. डाव्या टोकाचा दाणा डाव्या टोकाला राहूच शकत नाही. शात्सच्या तिसऱ्या गतीची ही गरिबाघरची बहीणच म्हणावयाची.

हे पिंप वापरताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, पिंप निम्म्याहून फार अधिक भरू नये; दाण्यास पडण्यास जागाच नसली तर तो मिसळणार कोठे? दुसरे, ते वेगाने फिरवू नये. ५५ सेंटिमीटर व्यासाचे पिंप मिनिटास सुमारे ५७ फेऱ्यांनी फिरू लागले, तर बी भिंतीस चिकटून पिंपाबरोबरच फिरते आणि मिसळणे थांबते. याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे पंचवीसच्या आसपास फेऱ्या योग्य; आणि अधूनमधून दिशा उलटावी, रवीप्रमाणे. तिसरे, क्रम चुकवू नये. रासायनिक बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी, कीटकनाशक त्यानंतर आणि जीवाणूंची खते सर्वांत शेवटी. विषारी औषधाचे पिंप धान्यास किंवा पशुखाद्यास कधीही वापरू नये, हातमोजे घालावेत आणि उरलेले बी गुराढोरांपुढे टाकू नये.

किती फेऱ्या पुरतात, हे पिंप स्वतःच सांगते. मात्र त्याला विचारले पाहिजे. पिंप नवे असताना, औषध न घालता, घरातील खाण्याच्या तुरीवर ही परीक्षा करावी. वीस किलो लाल तुरीत २०० ग्रॅम पांढरी तूर एका टोकास ओतावी. म्हणजे शंभरात एक दाणा पांढरा झाला. वीस फेऱ्या द्याव्यात आणि वेगवेगळ्या पाच ठिकाणांहून शंभर-शंभर ग्रॅम तूर काढून पांढरे दाणे मोजावेत. प्रत्येक वाट्यात एक हजार दाणे, तेव्हा दहाच्या आसपास पांढरे यावयास हवेत. नुसत्या योगायोगाने पाच ते पंधरा आले तर चालेल. एका वाट्यात एक आणि दुसऱ्यात तीस आले, तर आणखी वीस फेऱ्या द्याव्यात व पुन्हा मोजावे. घरातील शाळेत जाणारी मुले हे काम आनंदाने करतील. एकदा फेऱ्यांचा आकडा मिळाला, की तो पिंपावर रंगाने लिहून ठेवावा. ही मोजणी गावातील एका पिंपावर केली, तरी शेजारच्या दहा घरांचे काम होते.

बियाण्याइतकाच, किंबहुना अधिक गंभीर, प्रश्न पशुखाद्याचा आहे. भालकीच्या परिसरात देवणी जातीची जनावरे आजही दावणीला आहेत. आंबोणात कधी कधी शंभर किलोस एक किलो या प्रमाणात युरिया मिसळतात. तो सारखा मिसळला तर रवंथ करणाऱ्या जनावरास त्याचा उपयोग होतो. पण त्याचा गोळा एकाच घमेल्यात आला, तर पोटात अमोनिया होऊन जनावर दगावते. येथे न मिसळण्याची किंमत बैलाच्या प्राणाने मोजावी लागते. म्हणून ज्याच्यापाशी मिसळण्याची खात्रीची सोय नाही, त्याने युरियाच्या वाटेस जाऊ नये, हेच उत्तम. असले प्रयोग करण्यापूर्वी पशुवैद्यास विचारावे. बीदर येथे तर पशुवैद्यकाचे विद्यापीठच आहे.

क्षारमिश्रणासारखी निरुपद्रवी वस्तू मिसळावयास मात्र यंत्रही नको. दुपटीची रीत पुरते. दोन किलो क्षारमिश्रण अठ्ठ्याण्णव किलो भुसा-पेंडीत एकदम टाकू नये. आधी दोन किलो भुशात मिसळावे. चार किलो झाले. त्यात चार किलो घालावे, आठ झाले. मग सोळा, बत्तीस, चौसष्ट आणि शेवटी उरलेले सारे. सहा पायऱ्यांत काम होते. कणकेच्या घड्यांचेच हे गणित आहे. जुने वैद्य आणि औषधे कालविणारे कंपाउंडर हीच रीत पाळीत असत.

द्रव पदार्थांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ओलॉइडच्या आकाराचे ढवळे युरोपात तळी आणि सांडपाण्याच्या टाक्या हलत्या ठेवण्यासाठी वापरतात. माशाच्या शेपटीसारखा हेलकावा देऊन ते कमी शक्तीत पुष्कळ पाणी हलवितात. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांच्या शेतीपद्धतीमुळे जीवामृताचे दोनशे लिटरांचे पिंप अनेक शेतांवर दिसते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांचे ते मिश्रण रोज काठीने ढवळावयाचे असते. त्या ढवळण्याचा हेतू तळाशी बसलेला गाळ उचलणे आणि पाण्यात हवा मिसळणे हा होय. युरोपातील जैवगतिक शेतीत, जिचा उगम रुडॉल्फ स्टायनरच्या १९२४ सालच्या व्याख्यानांत आहे, अशी द्रावणे तासभर दिशा उलटून उलटून ढवळतात. अशा ढवळण्याने किंवा ओलॉइडच्या गतीने पाण्यात काही अदृश्य शक्ती शिरते, असे सांगणारेही भेटतात. त्यास प्रयोगांचा आधार मिळालेला नाही. पण दिशा उलटली की भोवरा मोडतो, गाळ उठतो आणि हवा शिरते, एवढे मात्र डोळ्यांनी दिसते आणि तेवढे आपल्या कामास पुरेसे आहे.

आता बाजारात नवनवी मिश्रणयंत्रे येतात आणि विक्रेते त्यांच्या मोटारीची अश्वशक्ती सांगतात. शेतकऱ्याने त्यांस तीन प्रश्न विचारावेत. या यंत्रात एका टोकाचा दाणा दुसऱ्या टोकास जातो काय? दाणा न फुटता तो जातो काय? आणि किती फेऱ्यांत जातो, हे मोजून दाखविता काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडून घेण्यापेक्षा लाल-पांढऱ्या तुरीकडून घ्यावे. भालकीच्या आडतीवर कोणी तूर म्हणतो, कोणी तोगरी म्हणतो. पण वजन करताना दोघेही काट्याकडेच पाहतात. मिश्रणाच्या बाबतीतही तोच बाणा ठेवावा. पोत्याचा पांढुरका रंग पाहून समाधान मानण्याऐवजी पाच ठिकाणचे पाच वाटे काढून मोजावेत. दोन मुठी भुकटी दोन लाख दाण्यांपर्यंत पोहोचविण्याची ही विद्या स्वस्त आहे, सोपी आहे, आणि येत्या मृगापूर्वी एका लोहाराच्या व एका शाळकरी मुलाच्या साहाय्याने कोणासही साधण्यासारखी आहे.